डीलियाची चिंधी

"माझी चिंधी अजून का कुजत नाही, आजी?" नोरीनने विचारलं.

विहिरीची राखण करणारी म्हातारी पेग पायरीवरचं शेवाळ खरवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

आयर्लंडच्या त्या खेड्यात संताच्या नावाने असलेल्या या विहिरीचा गुण सगळ्यांना ठाऊक होता. दुखऱ्या जागेला विहिरीचं पाणी लावायचं, ती जागा चिंधीने पुसायची आणि चिंधी शेजारच्या काटेरी झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाईल तसतसं दुखणं ओसरतं. दुसऱ्याच्या चिंधीला मात्र हात लावायचा नाही. जो ती सोडतो, त्याला ते दुखणं लागतं.

नोरीन लेस विणायची. हिवाळ्यापासून तिच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. सुई धरवत नव्हती. शेजारची डीलिया तेच दुखणं घेऊन आली आणि दोन महिन्यांत बरी झाली. चर्चच्या वेदीवरचं कापड सोळा वर्षं नोरीन विणत आली होती. यंदा ते डीलियाकडे गेलं.

"विहिरीभोवती रोज सात फेऱ्या घालते मी," नोरीन म्हणाली. "ती तीन घालायची, त्याही गप्पा मारत. तरी संताला तीच दिसली."

"तुझी चिंधी कुठंय?"

नोरीनने झाडाभोवती एक चक्कर मारली. मग आणखी एक. फांद्याफांद्यांवर चिंध्याच चिंध्या...

"इथंच कुठंतरी होती."

"आणि डीलियाची?"

"खालून तिसरी फांदी. निळी, दोन गाठींची. रविवारी वीतभर उरली होती, काल चार बोटं."

पेगने त्या फांदीकडे पाहिलं. फांदी रिकामी होती.

"वाऱ्याने गेली असेल," नोरीन म्हणाली.

"दोन गाठी सोडून?"

पेगने पत्र्याचा पेला विहिरीत बुडवला. "पाणी घे. ओंजळ कर."

नोरीनने डावा हात पुढे केला.

"एका हाताची ओंजळ होत नाही, पोरी."

उजवा हात एप्रनच्या खिशात होता. बराच वेळ तो तिथेच राहिला. मग हळूहळू बाहेर आला. मूठ घट्ट आवळलेली होती. बोटांच्या फटीतून निळा धागा लोंबत होता.

नोरीन स्वतःच्याच मुठीकडे बघत राहिली.

पेगने पेला पायरीवर ठेवला.

"बोटं वळली की गं," ती म्हणाली. "आता उघड."