समोरची घोंगडी

एका गावात एक तळे होते आणि त्या तळ्यावरून भांडणारे दोन पक्ष होते. गावाचे नाव तळेवाडी. पाणी जपून साठवावे म्हणणारे ते साठवे आणि पाणी वेळेवर सोडावे म्हणणारे ते सोडवे. तिसरा पक्ष काढून पाहणारेही कैक झाले. कुणी म्हणे, पाणी फक्त सोमवारी सोडा. कुणी म्हणे, तळेच बुजवून टाका. पण असा पक्ष चार दिवस गाजे आणि मग मुकाट्याने दोहोंपैकी एकात जाऊन मिसळे.

हे पक्ष आले कुठून? फार पूर्वी एके वर्षी साऱ्या गावाने एकमताने पाणी साठवले आणि तळे फुटले. पुढल्या वर्षी साऱ्या गावाने एकमताने पाणी सोडले आणि चैत्रातच तळ्याच्या बुडाशी गुरे बसू लागली. तेव्हा जाणत्या माणसांनी कानाला खडा लावला. एकमत फार झाले, म्हणाले. त्यांनी चाल पाडली, की दरसाल गावाने पारापुढे दोन बाजूंना उभे राहावे. जिकडे माणसे जास्त, त्यांनी कारभार करावा. जिकडे कमी, त्यांच्या पुढाऱ्याला कारभाऱ्याच्या समोर मानाने घोंगडी अंथरून द्यावी. त्या घोंगडीवरून विरोधाचे बोलणे झाल्याशिवाय कोणताही ठराव पक्का होत नसे. त्या बोलण्याला गावात ‘उलट बोल’ म्हणत.

पिढ्या गेल्या. भांडता भांडता एकदा तर साठवे पाणी सोडायच्या बाजूचे झाले आणि सोडवे साठवायच्या. तरी नावे तीच राहिली. सोयरिकी मात्र खुशाल इकडून तिकडे होत. लेक माहेरी साठवी असे आणि सासरी सोडवी. त्यात कुणालाच काही वावगे वाटत नसे.

अशा या गावात रखमाजी डुंबरे साठव्यांचा पुढारी आणि गावाचा कारभारी झाला. माणूस सालस, गोड बोलणारा, हाताचा सढळ. त्याच्या समोरच्या घोंगडीवर बसे सोडव्यांची ठकूअक्का. वयाने थोरली, जिभेने त्याहून थोरली. रखमाजीने म्हणावे, “पाट दुरुस्त करू.” की अक्का विचारी, “कुणाच्या रानापासून?” रखमाजीने म्हणावे, “घाटाला पायऱ्या बांधू.” की अक्का विचारी, “आणि गुरं कुठून उतरायची?” उत्तरे देता देता रखमाजीच्या घशाला कोरड पडे. तो मनात म्हणे, ही बाई एकदा गप्प बसली ना, तर गावाचे सोने करून दाखवीन.

एका वर्षी त्याच्या मनासारखे झाले. तो असा काही जिंकला, की अक्काच्या बाजूला मूठभर माणसे उरली. रखमाजीला त्यांची दया आली. तो दुष्ट असता तर बरे झाले असते. पण तो चांगला माणूस होता, आणि तिथेच घोटाळा झाला. त्याने एकाला जत्रेची व्यवस्था दिली, एकाला पाटाची देखरेख, एकाला पंगतीत पहिला मान. बघता बघता सारे सोडवे त्याच्या बाजूला येऊन बसले. अक्का एकटी उरली. ती घरी गेली आणि परसात घेवडा लावून बसली.

आता उलट बोलाचे काय करायचे? चाल तर मोडता येत नव्हती. म्हणून रखमाजीने आपल्याच मेहुण्याला, सुभानरावाला, समोरच्या घोंगडीवर बसवले. रखमाजीने ठराव मांडला, की तळ्याचा सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, दगड रचून हातभर उंच करावा. तळ्यात पाणी जास्त राहील. सुभानराव ताडकन उठला आणि गरजला, “माझा याला कडाडून विरोध आहे! असला उत्तम ठराव कारभाऱ्यांनी गेल्या वर्षीच का आणला नाही?”

साऱ्या पाराने टाळ्या वाजवल्या. ठराव पक्का झाला. असा सुखाचा कारभार रखमाजीने जन्मात केला नव्हता.

पावसाळा सरत आला तसे तळे काठोकाठ भरले. एक दिवस रखमाजी कौतुकाने बांधावरून फिरत होता. खालच्या अंगाला त्याला ओल दिसली. वाकून हात लावला, तर पाणी पाझरत होते, आणि पाण्याला मातीचा रंग होता. बांधाच्या पायथ्याशी कुंभारआळीची घरे होती. रखमाजी तसाच माघारी फिरला.

त्याने सभा बोलावली. म्हणाला, “मंडळी, बांध पाझरतोय असं मला वाटतं. सांडवा उंच केला ते चुकलं काय?”

“छे, छे! आपलं कधी चुकतं होय?” एक म्हणाला.

“पाझरतोय तर पाझरू द्या. खालच्या आळीची विहीर भरेल,” दुसरा म्हणाला. आणि सुभानरावाने कडाडून विरोध केला, की कारभाऱ्यांनी एवढी काळजी करून तब्येत बिघडवून घेऊ नये.

रखमाजी तडक अक्काच्या परसात गेला. अक्का घेवड्याच्या शेंगा तोडत होती.

“अक्का, बांध पाझरतोय.”

“मग मला काय सांगतोस? सभेला सांग.”

“सांगितलं. सभा म्हणाली, पाझर फार चांगला आहे.”

अक्का खो खो हसली. मग तिने शेंगांची टोपली खाली ठेवली. “रखमाजी, एकटी बाई बोलली तर तिला किरकिरी म्हणतात. पाठीशी माणसं असली म्हणजे त्याला पक्ष म्हणतात. माझी माणसं तू नेलीस.”

“मी कुणाला धाक नाही घातला, अक्का. उलट सगळ्यांना मान दिला.”

“तेच तर! मिळालेला मान जाईल, या भीतीनं त्यांची तोंडं शिवलीस. ती आता तूच उसव.”

रखमाजी परतला तो विचार करतच. सांडवा चुकला असे आपणच म्हटले, तर पुढल्या वर्षी कारभार जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होते. नावही जाणार होते. न म्हणावे, तर कुंभारआळी जाणार. त्याने पुन्हा सभा भरवली.

सारे जमल्यावर तो कारभाऱ्याच्या जागेवरून उठला. समोर गेला, मेहुण्याला हाताला धरून बाजूला केले आणि स्वतः त्या घोंगडीवर बसला. रिकाम्या झालेल्या आपल्या जागेकडे बोट करून तो म्हणाला, “कारभारी, मी उलट बोल बोलतो. तुम्ही सांडवा उंच केलात, तेव्हा जादा पाणी कुठं जाईल याचा विचार केलात काय? बांधाखाली माणसं राहतात, त्यांना विचारलंत काय? आपल्याला कुणी टोकू नये म्हणून तुम्ही टोकणारी माणसंच आपल्यात ओढलीत. ही तुमची चूक आहे.”

मग पंगतीत पहिला मान मिळालेला तात्या कुंभार चाचरत उठला. “माझ्या परसातसुद्धा ओल आलीय. पण म्हटलं, कशाला वाईटपणा घ्या.” बोलता बोलता तो चालत येऊन रखमाजीच्या मागे उभा राहिला. मग पाटाची देखरेख करणारा आला, मग जत्रेचा मानकरी. जुने सोडवे एकेक करून गोळा झाले आणि सगळे एकदमच बोलू लागले.

एवढ्यात गर्दीतून ठकूअक्का पुढे आली. कमरेवर हात ठेवून ती रखमाजीपुढे उभी राहिली.

“ऊठ,” ती म्हणाली. “ही जागा माझी आहे.”

आपल्याला जागेवरून कुणी उठवले म्हणून रखमाजीला इतका आनंद कधीच झाला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

त्याच दिवशी सगळ्या गावाने मिळून सांडव्याचे दगड काढले. तळ्याचे पाणी उतरले आणि बांध वाचला. कुंभारआळीत कुणाचे मडकेसुद्धा फुटले नाही.

पुढल्या वर्षी रखमाजी हरला. अक्का कारभारीण झाली आणि रखमाजी तिच्या समोर बसू लागला. पहिल्याच सभेत त्याने असे प्रश्न विचारले, की अक्काच्या घशाला कोरड पडली. घरी येऊन तो पोटभर जेवला आणि शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी विजयाच्या भरात काही सोडवे नारळ आणि फेटा घेऊन त्याच्या दारी आले. म्हणाले, “रखमाजीराव, झालं गेलं विसरा आणि आमच्यात या. तळ्याच्या पूजेचा पहिला मान तुमचा. कशाला उगीच दोन पक्ष?”

रखमाजीने नारळ घेतला, फेटा परत केला आणि हसून म्हणाला, “पूजेला येईन, पंगतीलाही येईन. पण सभेत मी तुमच्या समोरच बसणार. तुमच्या बांधाखाली माझंही गाव राहतं.”

तात्पर्य: विरोधकाला हरवावे, पण त्याला नाहीसे करू नये; चूक दाखवणारे समोर कुणी उरले नाही, तर भल्या कारभाऱ्याची चूकही साऱ्या गावाला भोवते.