कठड्याच्या आत

"फादर, ती माझ्याशी बोलत का नाही?"

सरदार एमेरीने टोपी काढून विचारलं. दक्षिण फ्रान्समधली त्याची गढी. लहानपणी त्याला अक्षरं शिकवणारे म्हातारे फादर ऑनोरे दोन दिवस पायी चालून आले होते, कारण एमेरीची बायको इझाबो अंथरुणाला खिळली होती. आठवडा काढला तर खूप, असं वैद्य म्हणाले होते.

आणि अंथरूण तरी कसलं! अक्रोडाच्या लाकडाचा कोरीव पलंग, लाल मखमलीचे जरीचे पडदे, चारही खांबांवर शहामृगाच्या पिसांचे तुरे. भोवती सोनेरी कठडा. पलंग रिकामा असला तरी येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्यापुढे मान तुकवायची आणि कठडा ओलांडायचा नाही, हा एमेरीचा दंडक. झोपायला मात्र तो पलंग इझाबोआधी कुणाच्या कामी आला नव्हता.

"तिला इथे कशाला आणलंस?"

"भेटायला बडीबडी माणसं येतात. तिच्या मानाला शोभायला नको?"

"आणि तू?"

"रोज सकाळी येतो. इथे उभं राहून प्रकृती विचारतो."

"कठड्याबाहेरून?"

"नियम माझाच आहे, फादर. मीच मोडला तर इतरांनी काय म्हणून पाळावा?"

"तिला ऐकू जातं?"

"मोठ्याने विचारतो. ती भिंतीकडे तोंड फिरवते."

फादरांनी कठड्यावरून आत पाहिलं.

"आधी कुठे झोपायचात?"

एमेरी ओशाळला. "मागच्या खोलीत. साधी खाट, दोघांना धड पुरायचीही नाही. हिचे पाय बारा महिने थंडगार. माझ्या पोटऱ्यांना चिकटवायची आणि झोप लागेपर्यंत नुसती बडबड..."

एवढा ताठ माणूस, पण बोलता बोलता कठड्याला टेकला. कुणालाही त्याची दया आली असती.

फादरांनी कठड्याचं फाटक उघडलं. दाराशी उभ्या कारभाऱ्याने आ वासला. चिखलाने भरलेल्या पायांनी ते सरळ आत गेले आणि इझाबोच्या उशीपाशी वाकले.

तिचे ओठ हलले...

ते परत आले. फाटक त्यांनी लावलं नाही.

"बोलली?" एमेरीचा आवाज फाटला. "काय म्हणाली? रागावलीय ना माझ्यावर?"

फादरांनी त्याच्या हातातली टोपी काढून घेतली.

"पाय गार पडलेत म्हणते."