बर्फावरची पावलं

उंच डोंगरातल्या एका गावात, जिथे हिवाळ्यात घराची दारं फावड्याने मोकळी करावी लागत, एक चित्रकार राहत होता. बर्फाचं चित्र काढावं तर त्यानेच! पण घरात बसून काढणं त्याला मान्य नव्हतं. बर्फ डोळ्यांसमोर हवा, नाकाला झोंबायला हवा, असा त्याचा हट्ट.

हट्ट त्याचा एकट्याचा, थंडी मात्र दोघांच्या वाट्याला. उघड्यावर रंगांचं पाणी बघता बघता गोठायचं. म्हणून त्याची बायको निखाऱ्यांची शेगडी घेऊन शेजारी बसायची आणि पाण्याची वाटी तिच्या उबेला धरून ठेवायची. तो न बघता हात पुढे करी, आणि कोमट पाण्याची वाटी तिथे असे.

बर्फाला तो कधी पांढरा रंग लावत नसे. झाडं, छपरं, सावल्या रंगवायच्या आणि बर्फाच्या जागी कागद कोराच सोडायचा, ही त्याची रीत. समोरच्या बर्फावर एक पाऊल उमटलेलंही त्याला खपत नसे. "अगं, मागून ये. बर्फ खराब करू नकोस," असं तो रोज बजावायचा. बिचारी शेगडी सांभाळत लांबचा वळसा घालून यायची.

एकदा ती म्हणाली, "अहो, कधीतरी माझंही चित्र काढा ना."

"काढू की! तू कुठे पळून चालली आहेस? हा बर्फ उद्या वितळेल. आधी त्याला कागदावर घेऊ दे."

ती हसली आणि निखाऱ्यांवर फुंकर घालू लागली. पुढच्या हिवाळ्यात तिने पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग तिने विचारणंच सोडलं, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच हिवाळ्यात तिला खोकला जडला. बर्फ वितळायच्या आत ती गेली.

चित्रकाराने सगळी चित्रं जमिनीवर मांडली आणि तिला शोधत बसला. डोंगर होते, देवदार होते, कुंपणावरचे कावळेसुद्धा होते. ती कुठेच नव्हती. असणार कशी? त्यानेच तर तिला रोज बाजूला ठेवलं होतं. तो ओक्साबोक्शी रडला.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडला, अगदी पूर्वीसारखाच. चित्रकार शेगडी घेऊन नेहमीच्या जागी जाऊन बसला. समोर एकही पाऊल नव्हतं.

"ये गं," तो पुटपुटला. "आज पुढूनच ये."

त्याने कागदावर तिची पावलं काढली. जाड शाल काढली, हातातली शेगडी काढली. चेहऱ्यापाशी मात्र कुंचला थांबला. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या बायकोकडे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. आठवत होता तो फक्त वाटी धरलेला हात. सवयीने त्याने आपला हात पुढे केला. शेगडी केव्हाच विझली होती आणि वाटीतल्या पाण्याचा दगड झाला होता.

चेहऱ्याची जागा कोरीच राहिली. चित्र पाहून गावकरी म्हणाले, "वा! काय बर्फ पडतोय! बाईचा चेहरासुद्धा दिसेना!"



तात्पर्य: जे माणूस रोज शेजारी असतं, त्याला उद्यावर टाकू नये. वितळलेला बर्फ पुढच्या हिवाळ्यात परत येतो, गेलेलं माणूस येत नाही.