एका खांद्याची गिटार

"भोंगा जोडायचा नाही. मी इथं झोपाळ्यावर बसणार, आणि दोन्ही गिटारींचा स्वर मला इथंच कळला पाहिजे," श्रीमंत उदाजीराव सरकारांनी फर्मावलं. "ज्याची सरस, वाद्यशाळा त्याची. हरेल त्यानं उद्या सकाळी चंबूगबाळं आवरायचं."

दस्तगीर सतारमेकरांच्या तोंडचं पाणीच पळालं. तीन पिढ्या त्यांचं घर आणि कारखाना त्या वाद्यशाळेतच. सरकारांना विजेची गिटार हवी म्हणून त्यांनी तीन महिने खपून ती घडवली होती. पण विजेची गिटार म्हणजे भरीव लाकूड, आत पोकळी नाही. भोंगा काढला की ती जवळजवळ मुकीच.

"सरकार, हिला वीज लागते," ते कसंबसं ओरडले.

"सतारीला लागत नाही, तंबोऱ्याला लागत नाही. हिलाच कसले डोहाळे?"

खरी गोम वेगळीच होती. गेल्या चार वर्षांत सरकारांचे कान अधू झाले होते. हे अख्ख्या दरबाराला ठाऊक, पण बोलणार कोण? मागच्या दिवाळीत एका सनईवाल्यानं "सरकार, जरा मोठ्यानं फुंकू का?" एवढंच विचारलं, तर त्याला सनईसकट वेशीबाहेर पोचवलं होतं. तेव्हापासून दरबारात सगळे ओरडूनच बोलत, आणि सरकार कौतुकानं म्हणत, आमची माणसं मोठी तडफदार.

दस्तगीरांची मुलगी जैबून बापाच्या मागे उभी होती. सतारीचे पडदे बसवण्यात तिचा हात बापापेक्षा हलका. समोर वाद्यशाळा मिळवायला मुंबईहून आलेले वाद्यपारखी धुरंधर साहेब आपली काळी चकचकीत गिटार घेऊन ऐटीत उभे होते. त्यांनी दोन्ही गिटारी हातात तोलल्या.

"आमची जड आहे," ते ओरडले. "जड लाकडात स्वर ठासून भरलेला असतो. तीस वर्षांचा कान आहे माझा. हिच्यापुढे ती दुसरी म्हणजे निव्वळ पाट!"

त्यांनी दोन्हींच्या तारा छेडल्या. सरकार झोपाळ्यावर ढिम्म. त्यांच्या कपाळावर आठ्या चढू लागल्या.

"आणि या दोघींचा एकच खांदा का कापलाय?" सरकारांनी विचारलं. "दुसरा कापायला विसरलात?"

जैबून पुढं येऊन ओरडून म्हणाली, "नाही सरकार. पट्टीच्या शेवटच्या पडद्यांपर्यंत बोटं पोचावीत म्हणून खालचा खांदा कापतात. वरच्या बाजूनं हात जातच नाही, तर लाकूड कशाला वाया घालवायचं?"

"बोलतेस बरी. मग आता स्वर ऐकव."

जैबूननं बापाकडं पाहिलं. मग ती सरकारांकडं वळली.

"सरकार, आमच्या कारखान्यात पारख कानानं करत नाहीत. सहा माणसं सहा पटाशींवर ठोकत असतात, तिथं कानाला काय कळणार? आमचे अब्बा दातानं पारखतात."

"दातानं?"

"लाकूड दातांत धरायचं आणि तार छेडायची. मात्र दात पक्के हवेत. कच्च्या दाताचं ते काम नव्हे."

सरकार ताठ बसले. अजून अख्खी सुपारी दातांनी फोडायचे ते. "बत्तीसच्या बत्तीस आहेत! आण इकडं."

कापलेल्या खांद्याचं निमुळतं टोक जैबूननं स्वच्छ पुसलं आणि गिटार अदबीनं पुढं केली. सरकारांनी टोक दातांत धरलं. दरबारी माना खाली घालून हसू दाबू लागले. जैबूननं खर्जाची तार छेडली.

सरकारांचे डोळे विस्फारले. स्वर दातांतून जबड्यात, जबड्यातून थेट डोक्यात घुमला आणि कितीतरी वेळ घुमतच राहिला. चार वर्षांत त्यांनी एवढं स्पष्ट काही ऐकलं नव्हतं. त्यांनी हातानंच खूण केली, पुन्हा. मग पुन्हा. पाचव्या वेळी त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या.

मग पाळी काळ्या गिटारीची. सरकारांनी चावली, जैबूननं तार छेडली, आणि त्यांनी लगेच तोंड बाजूला केलं.

"ही का अशी मेल्यासारखी थांबते?"

"रंगाखाली फळीचे तुकडे चिकटवलेत, सरकार. आणि मान खांद्यात नीट बसली नाही म्हणून फटीत लांबीचा लगदा भरलाय. स्वर तिथंच अडखळतो." तिनं मानेच्या सांध्यापाशी तडकलेला रंग नखानं खरवडला. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालची पांढरी लांबी उघडी पडली. "आमच्या सांध्यात कागद घालून बघा. जात नाही."

धुरंधर साहेब टाय सैल करू लागले.

सरकारांचा चेहरा मात्र एकाएकी कठोर झाला. "पोरी, दाताला कळलं ते कानाला कळलं नाही. म्हणजे आमचे कान गेलेत, असंच ना?"

दस्तगीरांनी डोळे मिटून घेतले.

"कानाचं काय घेऊन बसलात, सरकार," जैबून म्हणाली. "धुरंधर साहेबांना तीस वर्षांचा कान आहे, आणि त्यांनी लांबी भरलेली गिटार निवडली. आज दरबारात बरोबर पारख केली ती तुम्ही एकट्यांनी!"

मग सरकार असे खदखदून हसले की झोपाळा कुरकुरला.

"कान गेलेत ते आम्हाला चार वर्षं माहीत आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "न घाबरता आणि न दुखवता ते सांगणारं माणूस आज भेटलं. दस्तगीर, वाद्यशाळा तुमची. आणि दरबारची वाद्यपारखी आजपासून ही जैबून."

"सरकार, माझी गिटार तेवढी परत..." धुरंधर साहेब पुटपुटले.

सरकारांनी जैबूनकडं पाहिलं. तिनं ते वाक्य त्यांना ओरडून सांगितलं.

"छे छे, आमची उष्टी वस्तू पाहुण्यांना कशी द्यायची?" सरकार म्हणाले. "दोन्ही इथंच राहतील. तुमच्या गिटारीला वजन आहे म्हणालात ना? मुदपाकखान्याचं दार वाऱ्यानं सारखं आपटतं, तिथं टेकून ठेवू."