गाडीतला सत्कार

जळत्या गाडीच्या दारातून सुभेदार धुमाळांनी आपल्या तुकडीतली तीन पोरं ओढून काढली, पण जीव एकातही उरला नव्हता. पाठीवरच्या बोज्यासकट ती दारातच अडकली होती. आणि आता लष्करासाठी नवी गाडी आली, तिचंही दार तेवढंच अरुंद!

"चाचणीत सगळे जवान झटक्यात उतरले," ती गाडी बनवणारे मुख्य अभियंता प्रभुदेसाई म्हणाले.

"नुसत्या बनियनवर उतरले, साहेब."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" साहेब हसले.

वाद घालायची धुमाळांना उमेदच उरली नव्हती. अनावरणाच्या दिवशी त्यांनी साहेबांचा सत्कार गाडीच्या आतच ठेवला. फेटा बांधला, शाल पांघरली, गळ्यात मनगटाएवढा जाड हार घातला, एका हातात नारळ आणि दुसऱ्यात मानचिन्ह दिलं. मग बाहेर येऊन ओरडले, "साहेब, गाडी पेटलीय असं समजा. या बाहेर!"

साहेब निघाले आणि दारात गच्च अडकले. "अहो, आधी अंगावरचं हे सगळं काढा तरी!"

"आमची पोरंही हेच ओरडत होती, साहेब."

धुमाळांनी साहेबांना दंडाला धरून बाहेर ओढलं. तसल्या दारातून त्यांनी ओढलेला हा चौथा माणूस. जिवंत निघालेला पहिलाच.