बैलांचं माहेर

डांबरी सडक नव्हती आणि ट्रॅक्टर हे नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या भागात शिळटेकाचं कुरण आहे. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही, एवढं मोठं. तिथं खिल्लार गाईंचा कळप असे. बारा गावांची नांगरट त्या कळपातल्या बैलांवर चाले. कळप होता गोजाबाईचा. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून तीच तो सांभाळत होती. वासरू जन्मलं की ती त्याच्या कानात त्याचं नाव सांगे आणि ते नाव वासरू मरेपर्यंत विसरत नसे, असं म्हणतात.

बैल विकला, असं गोजाबाई कधी म्हणायची नाही. म्हणायची, "सासरी धाडला." कासरा हातात देताना सांगायची, "दादा, जीव लाव त्याला. अडचण आली तर खुशाल माहेरी आणून सोड." लोक हसत आणि हो म्हणत.

मग तीन वर्षं पाऊस पडला नाही. कडबा संपला. छपरावरचं गवत ओढून लोकांनी जनावरांना घातलं. तेव्हा कुणाला तरी गोजाबाईचं बोलणं आठवलं. एक जोडी आली, मग चार आल्या, मग बाराही गावांच्या बैलांची कुरणाच्या फाटकाशी रांग लागली. आत तर ओढ्याकाठचा एकच पट्टा उरलेला. तो तिच्या गाईंनाच पावसापर्यंत जेमतेम पुरला असता.

तिचा दीर भिवा म्हणाला, "वैनी, तोंडाला आवर नव्हता तुमच्या. पोसा आता बारा गावचे जावई!"

"जावई कसले भावजी, लेकी आल्यात. लेक दारात उभी असताना दार लावू?"

"आणि आपली पाखरी? गाभण आहे ती. तिनं काय माती खायची?"

पाखरी ही तिची सगळ्यांत लाडकी गाय. गोजाबाई उठली. पाखरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि जाऊन फाटक उघडलं.

रोज सकाळी ती टाचेनं मातीत रेघ ओढी आणि म्हणे, "आज इथवर." बैल रेघेपर्यंत चरत आणि थांबत. दावं नाही, काठी नाही. आधी पाहुणे, मागाहून घरच्या गाई. पाखरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. भिवा रोज जाऊन तो पट्टा पावलांनी मोजी. एके दिवशी मोजून आला आणि परत मोजायला गेला. दुसऱ्या दिवशीही दोनदा मोजला. पट्टा कमी होतच नव्हता, असं म्हणतात. भिवा एवढंच बोलला, "वैनी, फाटक जरा रुंद करू का? गर्दी होतीय."

मृगात पाऊस आला. पाखरीला धडधाकट कालवड झाली. बैल आपापल्या गावी गेले आणि बाराही गावांत पेरणी झाली. त्या साली पेरणी चुकली असती तर ही गावं उठून गेली असती, असं म्हणतात.

एक बैल मात्र मागं राहिला. म्हातारा, एक शिंग मोडलेला. त्याला न्यायला कुणी आलंच नाही. गोजाबाईनं महिनाभर वाट पाहिली. मग म्हणाली, "याला सासर नाही, असं कसं होईल? मीच पोचवून येते." भाकरी बांधून ती त्याच्याबरोबर निघाली, ती परत आली नाही. बाराही गावं सांगतात, ती आमच्याकडे जेवली आणि पुढं गेली. बैल आमचा होता, असं मात्र एकही गाव सांगत नाही.

अजूनही आमच्याकडे बैल विकला म्हणत नाहीत. म्हाताऱ्या बैलाला बाजारात उभं करायला कुणी धजत नाही. कुरणावरून जाताना गाडी थांबवतात, जू उतरवतात, बैलांना चार घास खाऊ देतात. आता बैल थोडेच राहिलेत. पण नवा ट्रॅक्टर घेऊन येणारासुद्धा फाटकाशी इंजिन बंद करतो, मूठभर गवत उपटून बॉनेटवर ठेवतो. पोरं हसतात. ट्रॅक्टर गवत खात नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. तरी तो थोडा वेळ उभा राहतो. "झालं माहेर," म्हणतो आणि मगच चावी फिरवतो.