कृत्तिकेचं बारसं

एका राज्यात कृत्तिका नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीचं बारसं होत नसे. ती घर जाळते, असं कराल मांत्रिकानं सांगितलं होतं आणि राज्यानं ते मुकाट मानलं होतं. बाराव्या दिवशी दिवेलागणीला त्या बिननावाच्या लेकीची ठिणगी होई आणि करालच्या कंदिलात जाऊन पडे. त्यावरच मेल्याची जादू चाले. कुणी हिंमत करून नाव ठेवलंच, तर नाव ठेवणारीचा दगड होई.

एके वर्षी खुद्द राजा वीरकेतूलाच कृत्तिकेवर मुलगी झाली. राजानं कपाळाला हात लावला. त्याची धाकटी बहीण तेजोवती मात्र भडकली.

"दादा, नाव ठेवायचा मान आत्याचा. मी ठेवणार."

"दगड होशील."

"होईन. पोर देणार नाही!"

पण बारशाला बायका नकोत? तेजोवती आमंत्रण घेऊन दारोदार फिरली. एकीचं डोकं दुखत होतं, दुसरीकडे पाहुणे आले होते, तिसरीनं तर दारच लावून घेतलं.

तेव्हा तुळशीवृंदावनावर बसलेला भारद्वाज पक्षी बोलला, "ज्यांची बदनामी झाली, त्या आकाशातल्या कृत्तिकांनाच बोलाव. वनात टाकलेलं बाळ पाजून वाढवलं त्या सहाजणींनी. त्या कशाला कुणाचं घर जाळतील?"

"कशा येतील?"

"त्यांच्या तळ्याचं पाणी, करालच्या शेतातले हरभरे आणि त्याच्याच चुलीतला विस्तव आण. घुगऱ्या शिजव. बारशाच्या घुगऱ्यांना त्या नाही म्हणत नाहीत."

तळ्यानं दागिने मागितले, तिनं अंगावरचे सगळे उतरवून दिले. शेतावर नागांचा पहारा होता. "सरका, घरी बारसं आहे," ती म्हणाली. नाग सरकले. विस्तव तिनं हातानंच उचलला. हात पोळला. पोळू दे!

बाराव्या दिवसाची, कार्तिकातली संध्याकाळ झाली. घुगऱ्या शिजल्या. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका उगवला आणि सहाही जणी पाळण्याशी उतरल्या. कंदील घेऊन करालही दारात आला.

"खबरदार!" तो गरजला.

तेजोवती पाळण्यावर वाकली. "कुर्रर्र..." म्हणाली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं, "कृत्तिका!"

तिच्या पायांचा दगड झाला. मग कमरेचा, मग पाठीचा. कराल खदाखदा हसला. बारसं बंद करणाऱ्याला बारशाची रीत कुठून ठाऊक असणार? आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सहाजणींनी पदर खोचले आणि धपाधप सुरुवात केली. दगडाचे टवके उडू लागले.

तो आवाज घरोघरी गेला. दारं लावून बसलेल्या बायका लाजल्या, मग धावत आल्या आणि त्यांनीही हात धुऊन घेतले. उरलासुरला दगड गळून पडला.

"अगं बायांनो, पुरे!" तेजोवती ओरडली.

नाव ठेवणारी जिवंत राहिली, तसा शाप मोडला.

"हे राज्य माझ्या शब्दावर चालतं!" कराल किंचाळला.

"गप रे!" थोरली कृत्तिका म्हणाली. "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात आम्ही."

कंदील फुटला. ठिणग्या अंगणात पडल्या आणि प्रत्येकीची एक मुलगी झाली. करालची मात्र राखसुद्धा उरली नाही. मग काय विचारता! राज्यभरच्या आत्यांची नुसती धांदल उडाली, पाळणे पुरेनात, आणि घुगऱ्या वाटायला राजा स्वतः बसला.

तेजोवतीची पाठ पुढे महिनाभर दुखत होती. कुणी विचारलं, की ती मोठ्या तोऱ्यात सांगे, "भाचीचं बारसं होतं!"